खोलीत आणखी कोण आहे

१

रोज सकाळी साडेनऊला मी सात घरांत शिरते. हातात चहाचा कप, पायात सपाता आणि समोर पडद्यावर सात चौकोन. प्रत्येक चौकोनात एक खोली, एक टेबल आणि एक माणूस. त्या माणसाकडे संशयाने बघणं हेच माझं काम.

मी बुद्धिबळाची पंच आहे. पूर्वी सभागृहात टेबलांच्या रांगांमधून फिरायचे. आता बऱ्याच स्पर्धा संगणकावर होतात, खेळाडू आपापल्या घरून खेळतात, म्हणून मीही घरी बसूनच फिरते. डावाआधी प्रत्येकाने कॅमेरा उचलून खोलीभर फिरवायचा. टेबलाखाली दाखवायचं, कान दाखवायचे, दार लावून घ्यायचं. एक कॅमेरा चेहऱ्यासमोर राहतो, त्याचं चित्र प्रतिस्पर्ध्यालाही दिसतं. दुसरा, म्हणजे बहुतेकदा मोबाइल, मागच्या बाजूला तिरका ठेवायचा, त्यात पाठ, हात आणि पडदा दिसला पाहिजे. मग एकदा खणखणीत टाळी वाजवायची, म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्रण नंतर जुळवता येतं. शेवटी मी विचारते, "खोलीत आणखी कोणी आहे का?" समोरचा म्हणतो, "नाही." आणि डाव सुरू होतो.

माणसं काय काय करतात ते सांगून खरं वाटणार नाही. एकाने मोबाइल कुंडीत पुरला होता. एकाचा मेहुणा पडद्यामागे उभा होता, तो शिंकला. एक गृहस्थ दर दहा मिनिटांनी बाथरूमला जायचे आणि येताना फार सुंदर चाल घेऊन यायचे.

माझी धाकटी बहीण आणि मी एकत्र राहतो. ती कान तपासते, म्हणजे ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची श्रवणचाचणी घेते. ती म्हणते, "ताई, लोकांच्या घरात डोकवायची तुला पहिल्यापासून हौस. वर त्याचं प्रमाणपत्रही मिळवलंस."

हौस आहे, नाही म्हणत नाही. त्या हौसेमुळेच हे सगळं झालं.

२

स्पर्धा पंचावन्नच्या पुढच्यांची होती. सात फेऱ्या, रोज सकाळी एक. पहिल्या दोघांना ज्येष्ठांच्या संघात जागा मिळणार होती. संघ परदेशी खेळायला जाणार होता, त्यामुळे सगळे जीव तोडून खेळत होते.

माझ्या सात चौकोनांत एक निवृत्त परिचारिका होत्या. खेळाडूंनी पडद्यावर टोपणनाव घ्यायचं असतं. त्यांनी घेतलं होतं 'रात्रपाळी'. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला सिस्टरच म्हणा, मॅडम. नावाने हाक मारली तर मी वळून बघत नाही, इतकी सवय गेलीये." गोल चेहरा, घट्ट अंबाडा, अंगात राखाडी विणलेलं जाकीट. खेळ सावध. हल्ला कमी करायच्या, पण त्यांच्या हातून काही सुटायचं नाही. समोरचा दमायचा, चुकायचा, आणि सिस्टर न बोलता त्याचं प्यादं उचलायच्या.

तिसऱ्या फेरीनंतर त्यांच्याकडून हरलेल्या खेळाडूची तक्रार आली. दोन ओळींची. "या बाई सतत डावीकडे बघतात. तिकडे कोण आहे ते बघावे."

असल्या तक्रारी हरल्यावर येतातच. तरी मी चित्रण काढून बसले. तक्रार खरी होती. सिस्टर डावीकडे बघत होत्या, किंचित खाली, क्षणभर, आणि परत पडद्याकडे. तिकडे एक लाकडी खुर्ची होती. रिकामी. फेरीआधी कॅमेरा फिरवताना ती मला तिन्ही दिवस दिसली होती.

मी कागद घेतला आणि मोजायला लागले. त्या डावात एकेचाळीस चाली होत्या. सिस्टरांनी एकेचाळीस वेळा डावीकडे बघितलं होतं.

पण एक गोष्ट जमेना. चोरून मदत घेणारा माणूस चालीआधी बघतो. सिस्टर चाल झाल्यावर बघत होत्या. एकदाही आधी नाही. शिवाय त्यांच्या चाली मी तपासणीच्या प्रोग्रॅममधून काढल्या. संगणकाने सुचवलेल्या चालींशी त्यांचं साम्य इतरांपेक्षाही कमी निघालं. त्या त्यांच्या स्वतःच्याच चाली होत्या.

मदत घ्यायला नाही, तर मग बघायचं कशाला?

३

चौथ्या फेरीआधी मी त्यांना अर्धा तास लवकर जोडून घेतलं आणि सरळ विचारलं.

"बघते का मी?" त्या म्हणाल्या. मग हसल्या. "बघत असेन. बत्तीस वर्षं एक डोळा कामावर आणि एक डोळा पेशंटवर. औषध काढताना, कागद लिहिताना, काहीही करताना मध्येच बघायचं. ठीक आहे ना. एवढंच."

मला पटलं. माझे वडील शिंपी होते, ते रस्त्याने चालताना लोकांच्या खांद्यांची मापं घ्यायचे. धंदा अंगात मुरतो.

"तरी ती खुर्ची तेवढी बाहेर ठेवा," मी म्हटलं. "म्हणजे तक्रारीला जागाच नको."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"खुर्ची काढायची? पण मग तीन तास..."

"तीन तास काय?"

"काही नाही. काढते, मॅडम. नियम तो नियम."

त्यांनी उठून खुर्ची उचलली आणि बाहेर नेली. उचलायच्या आधी तिच्या पाठीवर हलकेच दोनदा थापटलं. बसलेल्या माणसाला 'उठा आता' म्हणताना आपण थापटतो तसं. मी ते बघितलं आणि कागदावर लिहिलं नाही. तसल्या गोष्टीसाठी रकाना नसतो.

४

चौथ्या फेरीत सिस्टरांची नजर पुन्हा डावीकडे गेली. फक्त आता ती खाली जात नव्हती, वर जात होती.

डाव चालू असतानाच मी हे टिपलं. आपल्याशेजारी कोणी उभं असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघायला मान जेवढी वर करावी लागते, तेवढीच त्या करत होत्या. प्रत्येक चालीनंतर.

खुर्ची काढून घेतल्यावर माणूस काय करेल? उभा राहील.

हा विचार आला आणि मी स्वतःवरच हसले. मग चहा गार झाल्यासारखा वाटला म्हणून उठून पुन्हा गरम केला. तो गार झालेला नव्हता.

मी स्वतःशी वाद घालत राहिले. खुर्ची नसली की नजरेला टेकायला दुसरं काही लागतं. भिंतीवर खिळा असेल, डाग असेल. मी चित्र मोठं करून बघितलं. भिंत कोरी होती. बरं, खिळा नसेल, पण तक्रार झाल्यापासून बाई अवघडल्या असतील, मान आखडली असेल. कारणं पुष्कळ होती. एकेक घेतलं तर चांगली होती. सगळी एकत्र ठेवली की मीच कोणाला तरी पटवून देतेय असं वाटायचं.

सिस्टर जिंकल्या. चार फेऱ्यांत साडेतीन गुण. आता दुसरी तक्रार आली, आणि ती थेट मुख्य पंचांकडे गेली. मुख्य पंच भला माणूस, पण कागदाला घाबरणारा. त्याने फर्मान काढलं: त्या खोलीत टेबल आणि बसायची खुर्ची सोडून काहीही नको.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टरांनी कॅमेरा फिरवला तेव्हा खोली ओळखू येईना. कपाट गेलं होतं, पडदे उतरवले होते, जाजम गुंडाळून बाहेर ठेवलं होतं. चार भिंती, एक खिडकी, एक दार.

"कपाट ओढताना कंबर धरली," त्या म्हणाल्या. "आता तरी बरंय ना, मॅडम?"

"छान," मी म्हटलं. "टाळी वाजवा."

त्यांनी टाळी वाजवली. मला त्या टाळीत काहीतरी कमी वाटलं. काय, ते सांगता येईना. त्या दिवशी त्यांची नजर फार वर जात नव्हती. फार लांबही जात नव्हती. अगदी स्वतःच्या खांद्यापाशी जाऊन परत यायची.

५

त्या दिवशी दुपारी बहीण घरी होती. मी पाच दिवसांच्या पाच टाळ्या वेगळ्या काढल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या.

"हे काय?"

"एकाच खोलीतल्या टाळ्या. काय ऐकू येतं सांग."

तिने मोठे हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. कामाला बसली की ती माझी बहीण राहत नाही, परक्या बाईसारखी दिसते. पाचही टाळ्या तिने चार-चारदा ऐकल्या.

"सोपं आहे," ती म्हणाली. "रिकामी खोली घुमते. नवीन घर बघायला जातो तेव्हा आपलाच आवाज कसा परत येतो, तसं. सामान आलं की घुमणं कमी होतं. ही पहिली टाळी बऱ्यापैकी रिकाम्या खोलीतली. मग त्यांनी हळूहळू सामान भरत नेलं. पाचवीत तर भिंतीच ऐकू येत नाहीत."

"उलटं," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी सामान होतं. पाचव्या दिवशी काहीही नव्हतं."

"तू फायली उलट्या लावल्यास."

"नाही लावल्या."

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मी तिला पाचव्या दिवशीच्या खोलीचं चित्र दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"इतकं दडपायला मऊ काहीतरी लागतं," ती म्हणाली. "गाद्या. कापूस. नाहीतर माणसं, माणसं आवाज फार पितात."

"किती माणसं?"

"टाळीवरून माणसं मोजता येत नाहीत, ताई." मग म्हणाली, "आणि ते एका जागी नाहीये. रोज माइकच्या थोडं जवळ येतंय. त्यांचा माइक बिघडलाय म्हण आणि सोडून दे."

"तुला तसं वाटतं?"

"मला तसं वाटायला हवंय," ती म्हणाली.

मी सोडून द्यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटण्यापेक्षा उत्सुकता जास्त होती. कोडं सोडवायला घेतलं की मला जेवण सुचत नाही. सहाव्या फेरीत मी इतरांकडे नावापुरतं बघितलं आणि सगळा वेळ सिस्टरांची डावी बाजू बघत बसले. काही दिसलं नाही. बरोबरी झाली.

६

सातवी फेरी शेवटची. संघात जागा हवी तर सिस्टरांना जिंकणं भाग होतं. सकाळी मुख्य पंचांचा फोन आला.

"आज बाजूला नजर चालणार नाही. गेली की ताकीद. तीन ताकिदी झाल्या की डाव गेला. मी तरी काय करू, लोक लिहितायत."

मी सिस्टरांना सांगितलं. त्या पडद्यावर मान खाली घालून ऐकत होत्या.

"एकदाही नाही बघायचं?"

"दोनदा चालेल. तिसऱ्यांदा नाही."

"तीन तास."

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती. मग म्हणाल्या, "मी नाही बघितलं तर तुम्ही बघाल का?"

"म्हणजे?"

"तुम्हाला मागच्या कॅमेऱ्यातून ही बाजू दिसते ना? तेवढा वेळ तुम्ही लक्ष ठेवा. कोणीतरी ठेवलं म्हणजे झालं."

मी हसून म्हणणार होते की लक्ष ठेवायलाच तर मी बसलेय. पण त्या हसत नव्हत्या. पाळी संपवून घरी जाताना पुढच्या परिचारिकेला पेशंट सोपवावा, तसा त्यांचा आवाज होता.

"सिस्टर, कशावर लक्ष ठेवायचं?"

"ते मलाही नीट माहीत नाही हो. लक्ष असलं की बरं असतं, एवढं कळलंय."

"आणि नसलं की?"

"घाबरतं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही नेमकं सांगता येत नाही. नियमात बसत होतं, हे एक.

७

डाव सुरू झाला. तिसऱ्या चालीनंतर सिस्टरांची मान सवयीने वळली. मी ताकीद दिली. अकराव्या चालीनंतर पुन्हा. दुसरी ताकीद. त्यानंतर त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले, घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात तसे, आणि नजर पडद्यावर रोवली.

मी मागच्या कॅमेऱ्याचं चित्र पडदाभर मोठं केलं. सिस्टरांची पाठ, अंबाडा, राखाडी जाकीट, आणि डावीकडे रिकामी जमीन. एक तास गेला. दुसरा अर्धा गेला. रिकाम्या जमिनीकडे इतका वेळ बघितलं की ती रिकामी वाटेनाशी होते, पण त्यात नवल नाही, कोणालाही तसं होईल.

चाळिसाव्या चालीच्या सुमारास बहीण चहा घेऊन आली. "हीच का ती?" तिने विचारलं. मी कप घेतला, तिच्याकडे वळले, दोन वाक्यं बोलले. अर्धं मिनिट झालं असेल.

परत बघितलं तेव्हा सिस्टर जराही हललेल्या नव्हत्या. पण जाकिटाच्या डाव्या खांद्यावरची लोकर खाली दबली होती. चार ठिकाणी, शेजारी शेजारी. पाचवी खूण मागे, मानेकडे. चाचपडत आलेल्या माणसाने आधाराला हात टेकावा, तशी.

सिस्टरांची पाठ ताठ झाली होती. त्या समोरच बघत हळूच म्हणाल्या, "मॅडम, बघताय ना?"

मी कप खाली ठेवला. "बघतेय."

लोकर हळूहळू वर आली. एकेक खूण भरत गेली आणि खांदा पुन्हा साधा खांदा झाला.

बहीण माझ्यामागे उभी होती. तिला विचारलं, "दिसलं?" ती म्हणाली, "मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते."

स्नायू आखडला असेल. लोकर जुनी असेल. पण त्यानंतर दीड तास मी त्या जागेवरून नजर काढली नाही. उरलेल्या सहा खोल्यांत तेवढ्या वेळात कोणी पुस्तक उघडून खेळलं असतं तरी मला कळलं नसतं. पंच म्हणून हा माझा गुन्हा आहे आणि तो मी इथे कबूल करते.

एकसष्टाव्या चालीला समोरच्याने डाव सोडला. सिस्टर जिंकल्या. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की डावीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "झालं हं."

८

इतर सहाही चौकोन बंद झाले. सिस्टर मात्र गेल्या नाहीत.

"मॅडम, एक मागू? नाही म्हणालात तरी चालेल." त्या बोटं एकमेकांत गुंफून बसल्या होत्या. "माझी मुलगी इथून वीस मिनिटांवर राहते. नात झालीये तिला, पाच महिन्यांची. मी अजून हातात घेतली नाही. मुलगी रागावलीये, तिला वाटतं आईला येववत नाही. ती इथे येते म्हणते, तर मी नको म्हणते. आज तुम्ही तीन तास बघितलंत. काही झालं नाही. कॅमेरा असाच चालू ठेवला तर... चारपर्यंत येते मी."

दीड वाजला होता. मी माझ्या पडद्याकडे बघितलं, त्या कोऱ्या खोलीकडे.

"जा," मी म्हटलं. "मी आहे."

त्यांनी साडी बदलली, केस नीट केले, मागचा कॅमेरा खिडकीत ठेवला म्हणजे सगळी खोली दिसेल. दाराशी थांबून खोलीकडे वळून म्हणाल्या, "त्या मॅडम आहेत. मी येतेच." मग दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

मी बसले. रिकाम्या खोलीत खिडकीचं ऊन समोरच्या भिंतीवर चौकोन करून पडलं होतं, दिव्यांच्या बटणांच्या जरा खाली. मी तो चौकोन बघितला, भिंत बघितली, जमीन बघितली. मधूनमधून स्पर्धेचा अहवाल भरत होते. 'स्पर्धकाने कोणाची मदत घेतली काय?' नाही. हे मी खात्रीने लिहिलं. 'स्पर्धकाच्या खोलीत अन्य कोणी असल्याचे आढळले काय?' इथे मी थांबले आणि पुन्हा खोली बघायला लागले.

तीन वाजले. सव्वातीन. चार वाजायला आले तरी सिस्टर आल्या नाहीत. मला राग आला नाही. पाच महिन्यांचं मूल मांडीवर झोपलं की उठवत नाही. बहीण दोनदा डोकावून गेली. "जेव तरी," म्हणाली. "नंतर," मी म्हटलं, मान न वळवता.

साडेचारच्या सुमारास माझ्या खिडकीतलं ऊन सरकत सरकत पडद्यावर आलं. चित्र दिसेना म्हणून मी खुर्ची थोडी बाजूला घेतली. बसले. पुन्हा बघायला लागले.

आणि मग माझ्या लक्षात आलं. माझ्याकडचं ऊन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आलं होतं. सिस्टरांच्या भिंतीवरचा चौकोन अजून बटणांच्या खालीच होता.

९

चित्र गोठलं होतं. कोपऱ्यात दिसणारी वेळ माझ्याच संगणकाची असते, ती सरकत राहिली होती. बाकी काही हलायचं नव्हतंच, मग मला कळणार कसं? मी किती वेळ एका फोटोवर पहारा देत बसले होते, देव जाणे.

जोडणी तोडली, पुन्हा जोडली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चित्र आलं. उन्हाचा चौकोन बटणांच्या बराच वर चढून तांबूस झाला होता. खोली रिकामी होती. दार सताड उघडं होतं.

सिस्टरांनी जाताना मुलीचा नंबर दिला होता, त्यावर मी फोन लावला. सिस्टरांचा आवाज झोपेने जड झाला होता. मागे बाळाची कुरकुर चालली होती.

"डोळा लागला हो," त्या म्हणाल्या. "किती महिन्यांनी. निघतेच."

"सिस्टर, चित्र बंद पडलं होतं. मला कळलं नाही."

"किती वेळ?"

"एक तास असेल. जास्तही असेल. आणि दार उघडं आहे."

मला वाटलं त्या किंचाळतील, मला बोल लावतील. आपण सुटलो असं म्हणतील, असंही एक क्षण वाटलं. पण त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "बाहेर मोठा रस्ता आहे, मॅडम. त्याला रस्ता ओलांडता येत नाही."

फोन बंद झाला.

नंतर काय झालं ते आधी सांगून टाकते. अहवालातल्या दुसऱ्या प्रश्नापुढे मी 'सांगता येत नाही' असं लिहिलं. मुख्य पंचांना ते कुठे ठेवावं कळेना, म्हणून त्यांनी ते वाचलंच नाही. सिस्टरांना संघात जागा मिळाली. त्यांनी घरची अडचण सांगून ती सोडली आणि तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू गेला. त्यांची मुलगी आता दर रविवारी बाळाला घेऊन त्यांच्याकडे येते, हे त्यांनीच कळवलं. 'सवय होतेय सगळ्यांना,' असं लिहिलं होतं. सगळे म्हणजे कोण कोण, ते मी विचारलं नाही. मी पंचगिरी करते अजून, पण शेवटी विचारायचा तो प्रश्न आता दुसरे पंच विचारतात.

त्या संध्याकाळी मात्र मी चित्र बंद केलं नाही. उन्हाचा चौकोन विझला. उघड्या दारातून जिन्याचा कठडा दिसत होता. बहीण येऊन माझ्याशेजारी बसली. तिने माझा हात धरला होता की मी तिचा, आठवत नाही.

सव्वासहाला जिन्यात पावलं वाजली. एकाच माणसाची, चप्पल ओढत चालणारी. सिस्टर दारात आल्या. केस सुटले होते, पदर धुळीने माखला होता. आत पाऊल टाकून त्या थांबल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. ते उघडं धरून जिन्याकडे बघत. एकट्या माणसाला आत यायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ.

मग त्यांनी दार लावलं. सावकाश, चौकटीवर तळहात आडवा धरून. कोणाची बोटं चेमटू नयेत म्हणून आपण लावतो तसं.